चौथा मजला रिकामा करताना

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिलं खरं, पण इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला तसं कधी म्हटलं नव्हतं. नव्या चपलेसारखं जरा चावेल. चालवून घ्या.

आपलं घर सोडलं. ही बातमी तुम्हाला माझ्याकडूनच कळावी, म्हणून लिहायला बसले. मंदारकडून कळली असती, तर तो म्हणाला असता, "बाबा, आईने सगळं घर वाटून टाकलं." तुमच्या मुलाला अर्धंच सांगायची सवय आहे. उरलेलं अर्धं मी सांगते.

मी सही केली. हो, बिल्डरच्या कागदावर. तुम्ही शेवटपर्यंत करत नव्हतात तीच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून तुम्ही सगळ्यांना ऐकवलं होतंत, "मी याच घरातून जाणार, आणि आडवा जाणार." शब्दाचे पक्के! गेल्या वर्षी तसेच गेलात. पण बिनलिफ्टच्या जिन्यातून तुम्हाला खाली नेताना प्रत्येक वळणावर लोकांची जी तारांबळ उडाली, ती पाहिली असतीत तर तुम्हीच उठून सही केली असतीत.

तुम्ही होतात तोवर मला तो जिना जड गेला नाही, हेही सांगायला हवं. मंडईतून भाजी घेऊन आले, की खालूनच हाक मारायची. तुम्ही लगेच उतरायचात. पिशव्या तुमच्या हातात आणि मी मागून मोकळी! माझे गुडघे दुखतात हे डॉक्टरांच्या आधी तुम्ही ओळखलंत. पण इमारतीला लिफ्ट हवी, हे मात्र तुमच्या डोक्यात कधी आलं नाही. मी आहे ना, असं वाटायचं तुम्हाला. आणि तुम्ही नसलात की? याचा विचार केला होतात कधी?

तुम्ही गेल्यावर मी मंडईत कमी जायला लागले. मग फोनवरून भाजी मागवायला लागले. एकदा चपला घालायला गेले, तर त्यांवर धुळीचा थर! गॅलरीतून रस्ता बघायचा, जेवायचं, झोपायचं. असं म्हातारं होणं मला मंजूर नव्हतं. त्याच सकाळी ती धूळ झटकली, कठडा धरून खाली उतरले आणि सेक्रेटरींच्या दारात उभी राहून म्हटलं, "कुठे करायची सही?" ते बिचारे चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. आपल्या घराची तेवढी एकच सही अडली होती.

मग काय, इमारत पाडणार म्हणजे सगळ्यांनाच बाहेर पडायचं. नवी उभी राहीपर्यंत भाड्याने राहायचं. शनिवारी मंदार आणि आपली सून केतकी आले, सोबत काळ्या पिशव्यांचा गठ्ठा. मंदारने कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. म्हणाला, "आई, नियम सोपा आहे. वर्षभरात वापरलं नाही ते टाकायचं."

म्हटलं, "मग आधी तुझा तबला काढ. पाचवीनंतर वाजवला नाहीस."

केतकी हसली. नंतर मी सांगितलं तसंच झालं. आधी माझं, मग तुमचं, आणि कुठलीही पिशवी मला न दाखवता खाली जाणार नाही.

माझं पटकन झालं. शाळेत शिकवायला जाताना नेसायचे त्या कॉटनच्या साड्या, कुणी कुणी दिलेले स्टीलचे डबे, देवघराखाली साठलेल्या ओटीच्या खणांची चळत. लोकांना वाटतं बायकांचा जीव वस्तूंत अडकतो. अहो, आमचा जीव त्या पुसण्यात जातो! एकेक वस्तू दाराबाहेर गेली, तसा माझा हात हलका होत गेला.

पण तुमची गॅलरी!

तुम्हाला दुरुस्तीचा छंद आहे हे मला लग्न ठरतानाच कळलं होतं. तो पुरा करायचा छंद नाही, हे नंतर कळलं. कुणाचाही पंखा बंद पडो, तुम्ही म्हणायचात, "टाकू नका, मी बघतो." आणि तुम्ही बघायचात. नुसतं बघायचात! इस्त्र्या, मिक्सर, टेबलफॅन, एक वजनकाटा, एक शिलाई मशीन. गॅलरीत कपडे वाळत घालायला मला एका पायावर उभं राहावं लागायचं.

मंदार म्हणाला, "भंगारवाल्याला बोलावतो."

मी म्हटलं, "हे आपलं नाही. लोकांचं आहे. परत करायचं."

"आई, कुणाचं काय ते कसं कळणार?"

मला कळणार नाही तर कुणाला? जिन्यात मला अडवून सगळे विचारायचे, "काय म्हणतोय आमचा पंखा?" आणि तुमच्या वतीने मी वर्षानुवर्षं सांगायचे, "झालाच आहे." त्या गॅलरीतली एकेक वस्तू मला तिच्या मालकासकट तोंडपाठ होती.

तर मी निघाले. केतकी एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात पंखा, आणि मी पुढे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी आपली इस्त्री ओळखलीच नाही. मग तिची निळी मूठ बघून एकदम म्हणाल्या, "अगंबाई, ही तर माझ्या आईने दिलेली!" आणि छातीशी धरून बसल्या. चालत नव्हती, तरी! वजनकाट्याचे मालक म्हणाले, "ठेवा तुमच्याकडेच, भाऊंची आठवण." मी म्हटलं, "भाऊंच्या आठवणी वर भरपूर आहेत. तुम्ही तुमची न्या." एका घरी चहा झाला, एका घरी नुसतं दार उघडून "भंगारात द्या" झालं. पण बरं वाटलं. इमारत रिकामी होताना प्रत्येकाच्या उंबऱ्यात एकदा उभी राहिले. एरवी कधी राहिले असते?

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या पानसेंचा मिक्सर उरला.

तुमची आणि पानसेंची स्कूटर लावण्याच्या जागेवरून झालेली भांडणं अख्ख्या इमारतीने ऐकली आहेत. तेव्हापासून तुम्ही दोघे जिन्यात समोरासमोर आलात की एकजण भिंतीकडे बघायचा, दुसरा छताकडे. मिक्सर त्या आधीच आला होता. त्यांच्या मंडळी होत्या तेव्हा. पुढे त्या गेल्या, तरी तुम्ही पायरी चढला नाहीत त्यांची. मी एकटी जाऊन भेटून आले. आता सांगा, मरणाच्या दारातही स्कूटर लावायची असते का हो?

खाली नेण्याआधी मी तो मिक्सर सहज प्लगला लावला. आणि तो सुरू झाला! स्वच्छ, खडखडाट नाही, काही नाही. भांड्याचं रबरही नवीन होतं. म्हणजे तुम्ही दुरुस्त केला होतात. सगळ्या गॅलरीत पुरं केलेलं एकच काम, आणि तेही ज्याच्याशी बोलत नव्हतात त्याचं! मग द्यायला का गेला नाहीत? एक मजला तर उतरायचा होता.

पानसेंनी दार उघडलं. घरात खोकी बांधून ठेवलेली. मी म्हटलं, "वहिनींचा मिक्सर. ह्यांनी केव्हाच दुरुस्त करून ठेवला होता. आणून द्यायचं राहिलं."

त्यांनी भांड्याचं झाकण काढून आत बघितलं. मग म्हणाले, "चालतो?"

"चालतो."

"वॉरंटी?"

"दुरुस्त करणारे वर गेलेत. तक्रार असेल तर तिथे जाऊन करा."

"जायचंच आहे. घाई नाही," ते म्हणाले. आणि चष्मा काढून पुसायला लागले. सदऱ्याच्या टोकाने, खूप वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले. हातात वाटी, वाटीत ओल्या नारळाची चटणी. त्यांनी स्वतः केलेली. मीठ जास्त होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ असते तर त्यांनीही आधी तेच सांगितलं असतं." खुर्चीवर बसले, तुमच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "माणूस हट्टी होता. मीही काही कमी नव्हतो." अहो, इतकंच तर म्हणायचं होतं दोघांनी!

ते सागवानी जेवणाचं टेबल मी देऊन टाकलं. रागावू नका. तुम्ही ते मला न विचारता आणलं होतंत. त्याच्यामुळे स्वयंपाकघराचं दार आयुष्यभर अर्धंच उघडलं. आता ते जवळच्या एका अभ्यासिकेत आहे. ती चालवणाऱ्या बाई स्वतः टेम्पो घेऊन आल्या. परीक्षेच्या तयारीची मुलं त्याच्याभोवती कोपराला कोपर लावून बसतात. मी बघून आले. तिथे दार बाहेरच्या बाजूला उघडतं.

तुमचे कपडे देणं मात्र जमेना. तीनदा कपाट उघडलं, तीनदा लावलं. शेवटी आपल्या वॉचमन साळुंक्यांना बोलावलं, तुमच्याच अंगलोटाचे, आणि म्हटलं, "हे शर्ट तुम्हाला होतील." दोन दिवसांनी मी जड पिशवी घेऊन जिना उतरत होते. फाटकाशी निळ्या चौकड्यांचा शर्ट घातलेली पाठ दिसली. आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो, पिशवी धरा ना!"

साळुंके वळले. "काय काकू?"

"काही नाही. ही एवढी रिक्षात ठेवता का?"

त्यांनी ठेवली. शर्ट त्यांना छान दिसत होता. रिक्षा सुरू झाल्यावर मी रडले. स्वारगेटपर्यंत रडले. रिक्षावाल्याने आरशात बघून गाण्याचा आवाज कमी केला, आणि विचारलं काहीच नाही. भला माणूस.

आता राहायचं कुठे, त्याचं सांगते. मंदारचं ठरलेलंच होतं. "बाणेरला आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे."

मी म्हटलं, "मंदार, मला खोली नको. घर हवंय."

"एकटी राहणार? या वयात? कुठे?"

"हडपसरला."

"हडपसर! तिकडे आपलं कोण आहे?"

शमीम आहे! तुम्हाला आठवते ना? शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर होती, गणित शिकवायची. तिच्या शीरखुर्म्यासाठी तुम्ही ईदच्या आधी आठवडाभर चहातली साखर बंद करायचात. ती मुलीच्या जवळ म्हणून तिकडे राहायला गेली. मी फोनवर घराचं बोलले, तर म्हणाली, "अगं, आमच्याच इमारतीत बघ की. लिफ्ट आहे. बंद पडते अधूनमधून, पण आहे." मंदारचा चेहरा पडला. तेव्हा केतकीच म्हणाली, "आईंना एकदा स्वतःचं ठरवू दे ना. आपण गाडीने जाऊच की." गुणी पोर आहे. तुम्ही तिच्या पोह्यांना उगाच नावं ठेवायचात.

अहो, खरं सांगू? माहेरचं घर वडिलांनी घेतलेलं. आपलं तुम्ही घेतलंत, आणि मला दाखवलंत ते किल्ली हातात आल्यावर. म्हणालात, "कसं आहे?" तेव्हा काय म्हणणार होते मी? भिंतींचा तो पिस्ता रंगसुद्धा तुमचाच. माझं चुकलं असं नाही, तुमचं चुकलं असंही नाही. तशीच रीत होती. पण एकदा विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं की मला स्वयंपाकघरात सकाळचं ऊन हवं.

या वेळी मी घरं बघितली. एजंटने पहिल्याच घरात विचारलं, "मॅडम, सर कधी येतील बघायला?" म्हटलं, "सर येणार नाहीत. मीच बघते." आणि चांगली नळ सोडून, खिडक्या उघडून, भिंतींवर टकटक करून बघितली. एक नाकारलं, कारण बेसिन खोल होतं. एक नाकारलं, कारण मालक माझ्याशी बोलताना सोबत आलेल्या मंदारकडे बघत होते. तिसऱ्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऊन पडलेलं होतं. मी त्यात हात धरला आणि म्हटलं, "हे."

आता इथे आहे. दोन खोल्या. भांडी एका रॅकमध्ये मावतात. चालायला जागा आहे! खाली रस्त्यावर ही गर्दी, कंपन्यांच्या बस, दुचाक्या, ओळखपत्रं गळ्यात घातलेली पोरं. पहिल्या दिवशी घाबरले. दुसऱ्या दिवशी शमीम म्हणाली, "चल, हात धर," आणि आम्ही दोघी वाहनांना हात दाखवत रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. पाणीपुरी खाल्ली. सगळे थांबले, आमच्यासाठी! नाइलाजाने का होईना.

मंदार रविवारी पडदे लावायला आला होता. दोन लावले, तिसरा पुढच्या रविवारी म्हणाला. तुमच्यावर गेलाय. जाताना दारात रेंगाळला. म्हणाला, "आई, तू खूश दिसतेस." तक्रार करावी तशा सुरात म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यालाही वेळ लागणार. वडील गेले, आता त्यांचं घरही गेलं. त्याला याचं काय वाटतंय, हे माझ्या धांदलीत मी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाला, "तू जेवायला बोलाव मला. बाकी ठीक आहे." तर बुधवारी बोलावलंय. वांग्याची भाजी करणार आहे.

नवी इमारत झाली की परत जायचं का? सगळे विचारतात. मला माहीत नाही. तेव्हा बघीन, आणि मीच ठरवीन.

तुम्हाला एक वचन देते. रडणार नाही असं देत नाही, ते माझ्या हातात नाही. पण दार लावून बसणार नाही. कुणी माझी बेल वाजवली तर उघडीन. आणि कुणीच वाजवली नाही, तर चपला घालून जाईन आणि त्यांची वाजवीन.

काळजी करू नका. करायचीच असेल, तर थोडी करा. बरं वाटतं.

तुमची,
शैला