रंगराव गिऱ्हे यांचे व्हायोलिन आणि धाकट्या भावाची साक्ष

लिहून ठेवणार : रंगराव उत्तमराव गिऱ्हे, वय वर्षे त्रेपन्न, धंदा बागाईत व व्हायोलिनवादन (पहिल्यावर पोट, दुसऱ्यावर नाव), राहणार कारंजा लाड, जिल्हा अकोला. पोटातल्या गाठीचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात अकोल्याला आहे. डॉक्टर "काळजी करू नका" असे तीनदा म्हणाले, म्हणून हे आजच लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असणाऱ्याने समोर बसून मारवा ऐकावा.

कलम १. राहते घर व बागेतला माझा हिस्सा, विहिरीच्या निम्म्या पाण्यासह, पत्नी कस्तुराबाई हिला. वांगी, मेथी तीच विकत आली. मी फक्त मैफलींना जात आलो.

कलम २. सत्काराच्या शाली, नग चार. चारही वैशाखात मिळाल्या. बागेच्या राखणदाराला द्याव्यात, त्याला थंडी खरोखर वाजते.

कलम ३. मानपत्रे तीन. एकात मी 'व्हायोलिनसम्राट' आहे. त्याच सभेत अध्यक्षांनी माझ्या वाद्याला दोनदा सारंगी म्हटले. चौकटी चांगल्या सागवानी आहेत, तेवढ्या ठेवाव्यात.

कलम ४. माझ्या शोकसभेत पेटीवाले बाबूलाल यांनी पेटी वाजवू नये. वीस वर्षे मी त्यांच्या सुराशी जुळवून घेतले. मेल्यावर घेणार नाही.

कलम ५. व्हायोलिन, गज व राळेची डबी मुलगी ललिता हिला, मुक्काम अनसिंग. माझ्या हाताखाली शिकलेली ती एकटी. तिच्या सासूबाई तुळसाबाई यांना विनंती, की सुनेने मांडी घालून, वाद्य पावलावर टेकवून वाजवले तर घराण्याचे काही जात नाही. माझे घराणे तर भाजीचे होते.

कलम ६. हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

नाटक कंपनीत मी अकरा वर्षे वाजवले, नटांच्या मागे. कंपनी बुडाल्यावर अकोला-अमरावतीला गवयांना साथ केली, तीही त्यांच्या मागे. १९४८ साली नागपूरच्या रेडिओवरून परीक्षेला बोलावणे आले. प्रथमच एकट्याने वाजवायचे होते. परीक्षेला आठ दिवस उरले असताना अवजारे पुजायची खंडेनवमी आली. धाकटा भाऊ संपत याने विहिरीवर विळे, पावश्या, वखराची पास धुतली. त्यांच्याबरोबर माझे व्हायोलिनही धुतले, उन्हात वाळवले, हळदकुंकू वाहिले. व्हायोलिनची लाकडे सरसाने चिकटवलेली असतात, पाण्याने सरस सुटतो. संध्याकाळपर्यंत वाद्याची पाठ उकलली.

मी ओरडलो, "संपत, माहं सारं आयुष्य धुऊन टाकलं तुनं!"

तो म्हणाला, "दादा, तुहं अवजार हाये ना? पुजल्याबिगर कसं ठेवाव?"

वाद्य पुढे जोडून मिळाले; पण त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. बागेचे पाणी सोडायचे तरी मध्ये कस्तुराबाई; संपत तिला म्हणे : "त्याईले सांगा, पानी सोडलं." संपत तेव्हापासून खंडेनवमीला एकाही अवजाराला हात लावत नाही. पूजा त्याची बायको करते. गावात मी सांगत आलो, भावाने घात केला नसता तर आज रेडिओवर असतो. लोक हळहळत. मला ते आवडे.

आता खरे लिहितो. दुसऱ्याच दिवशी मेडशीचे मास्तर उदयसिंग राठोड आपले व्हायोलिन घेऊन आले होते. म्हणाले, "हे घेऊन जा, रंगराव. मी वापस मागत नाही." परक्या वाद्यावर हात बसत नाही, असे सांगून मी त्यांना परत पाठवले. ते खोटे होते. बोलावणे आल्यापासून मला एकट्याने वाजवायची भीती वाटत होती. पाठ उकललेली पाहिली तेव्हा आधी सुटल्यासारखे वाटले. राग नंतर आला. तोही मी आणला.

नागपूर संपतने घालवले नाही. मी गेलो नाही.

कलम ७. भाऊ संपत यास या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकील म्हणतात, आणि मला त्याची साक्ष हवी आहे.

ठिकाण : कारंजा लाड. तारीख ९ फेब्रुवारी १९५८.
सही : रंगराव उत्तमराव गिऱ्हे

साक्षीदार १ : उदयसिंग राठोड, शिक्षक, मेडशी. कलम सहा खरे आहे.

लेखनिकाची नोंद : साक्षीदार क्रमांक दोन यांनी कलम सहा दोनदा वाचून घेतले. मग म्हणाले, "दहा वर्सं, दादा! एक डाव सांगाचं तरी." सही करा म्हटले, तर टाक घेईनात. "तू मेला त मी भांडू कोनासंगं? आधी लिव्हा, अकोल्याले मी संगं येतो. मंग सई."

सबब कलम ८ वाढवले : अकोल्याला संपत सोबत येईल. मृत्युपत्रकर्त्यांस मान्य.

साक्षीदार २ : संपत उत्तमराव गिऱ्हे