डबीची परीक्षा मी घेतली

३ नोव्हेंबर
विद्यापीठातली दनाई नावाची पोरगी स्वयंपाकघरात बोलकी डबी ठेवून गेली. डबीचं नाव इरो. म्हाताऱ्यांचं हिच्याशी जमतं का, ते बघायचंय म्हणे. म्हणजे परीक्षक मी! माझा लेक थिमिओस म्हणतो, आई, हिच्याशी जमवलंस तर गावात एकटी राहा, नाहीतर लारिसा शहरात आमच्या फ्लॅटवर चल. फ्लॅटवर! कोंबडी नाही, भांडायला शेजारीण नाही. सून आहे, पण ती उलट बोलतच नाही. असो. डबीला चार दिवसांत वळण लावते.

५ नोव्हेंबर
इरोने विचारलं, गोळी घेतली का? मी भुवया उडवून 'च्क' केलं. आम्हा ग्रीकांत नाही म्हणायला एवढं पुरतं. एवढ्यावर मी स्थळं परतवली आहेत. डबी ठार बहिरी. पुन्हा पुन्हा विचारलं आणि थिमिओसला कळवून मोकळी. त्याचा फोन : आई, आहेस ना? म्हटलं, नाही, वरून बोलतेय. हसला नाही.

९ नोव्हेंबर
शेजारीण पागोना कॉफीला आली. पाद्रीबाबांनी दाढी रंगवली ती हिरवी निघाली, हे सांगत होती. मी हसता हसता म्हटलं, मेले गं बाई, मेले! बहिऱ्या डबीला हे मात्र ऐकू गेलं. अँब्युलन्स दारात! पागोनाने ड्रायव्हरलाही दाढीची गोष्ट सांगितली. थिमिओस म्हणाला, पुरे आता, बॅग भर. मी फोनवर रडले. एक संधी मागितली. पागोनाला कळता कामा नये.

११ नोव्हेंबर
दनाईला बोलावून झापलं. पोरी, खोट डबीत आहे, तिला 'च्क' शिकव. तिने दिवसभर मलाच च्क च्क करायला लावलं. जीभ सुजली, पण डबी शिकली. जिंकले! आता लारिसाचं नाव नको.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ, हॉस्पिटल
सकाळी चुलीपाशी घसरले. पाय हलेना. इरोने लगेच विचारलं, पडलात का? थिमिओसला कळवू?
कळवलं की लारिसा. मी पडल्यापडल्या च्क केलं.
डबी म्हणाली, समजलं, नाही कळवत.
फरशी बर्फासारखी. दात वाजायला लागले, तरी हाक मारली नाही. दुपारी पागोना दूध घेऊन आली आणि गावभर बोंब ठोकली. नाहीतर मी उठणारच होते.

२ डिसेंबर, लारिसा
खुब्याचं हाड मोडलंय. दनाई भेटायला आली होती. म्हणाली, आजी, तुमच्यामुळे डबी पास झाली. म्हटलं, होणारच, परीक्षक कोण होतं! विचारलं, आता कुठे आहे ती?
गावातच, म्हणाली. पागोनाकडे. दोघींचं छान जमलंय.