कावळ्याचं कार्ड

धुळे, ५ सप्टेंबर १९७३

चि. जीवराम यास कौतिकमामाचे आशीर्वाद. विलायतेत थंडी सुरू झाली असेल, छाती सांभाळ. पत्राच्या डोक्यावर श्री नाही हे तू हेरलंच असशील. आषाढातल्या कार्डावरही नव्हता, आणि ते कार्ड खोटं निघालं. म्हणून हे पत्र तुला पटवायचं कसं, या विवंचनेत मी दोन दिवस पेन धरून बसलोय. शेवटपर्यंत वाच.

आषाढात झालं ते असं. तुझी आई, म्हणजे आमची अक्का, सोनगीरला परसात भांडी घासत होती, तेव्हा कौलांवर कावळ्यांची जोडी नको त्या उद्योगात तिला दिसली. असं दिसलं की बघणाऱ्याच्या जिवावर येतं. मग तो मेल्याचं खोटं कार्ड नातेवाइकांना धाडायचं, ते रडले की अरिष्ट टळतं, आणि मागाहून खुलाशाचं दुसरं कार्ड टाकायचं (तुमच्या विद्यापीठात हे शिकवत नसतील). सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत लाडका तू, तेव्हा तुझंच रडणं कामी येणार असं तिनं ठरवलं, आणि स्वतःच्या मरणाचं कार्ड मला समोर बसवून लिहवून घेतलं ('फार सोसून गेली' हे शब्द तिचे). एरंडोलची मावशी कार्ड मिळताच इतकी रडली की शेजारणींनी तिला धरून पाणी पाजलं. तू पडलास शिकलेला. साऱ्या जगाच्या बातम्यांचं एम.ए. करतोस, आणि तीन वेगळ्या तोंडांनी सांगितल्याशिवाय बातमी खरी धरायची नाही हा तुमच्या मास्तरांचा नियम. तू पोस्टमास्तर, शाळेच्या सुनंदाबाई आणि दवाखान्यातला कंपाउंडर नथ्थू अशा तिघांना पत्रं टाकलीस. पोस्टमास्तर सज्जन माणूस. चौकशी मुळातूनच करावी म्हणून ते थेट अक्काकडे गेले आणि मोगराबाई वारल्या हे खरं का, असं तिलाच विचारलं. ती म्हणाली, अजून नही, बसा, च्या ल्या.

बठ्ठं गाव हसलं. अक्काही हसली, आणि मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मना पोऱ्या रडना नही रे. त्यानी चौकशी करी." मी समजावलं की जीव तुटला म्हणूनच पोरानं चौकशी केली. तिला पटलं नाही. खरं सांगतो, मलाही पटलेलं नव्हतं. तुझा राग आला होता, तो अजून आहे. तरी तुझं नाव छापून आलेला पेपर स्टँडवरच्या माझ्या गाळ्यात टांगायची हौस काही जात नाही.

कळावे. तब्येतीला जप.

तुझा,
कौतिकमामा

ता. क. अक्का गेली. २४ ऑगस्टला पहाटे, न्यूमोनियानं (कावळ्याचा संबंध नाही असं नथ्थू म्हणतो). तुझ्या नियमाप्रमाणे त्याच तिघांचे तीन कागद सोबत आहेत, एकमेकांचं न बघता लिहिलेले. सुनंदाबाईंचा कागद भिजलाय, तसाच धाडतोय.

ता. क. २. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घर सांभाळू म्हटलं, म्हैस विकणार नाही म्हटलं, ऊन डोक्यावर आलं. शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं, अक्का, जीवराम रडेल. तेव्हा शिवला. हे कुणाकडून पडताळून घेऊ नकोस. मी शब्द देऊन बसलोय. रड, बाबा.