बोकडाचं बक्षीस

मंगळवार, संध्याकाळ. नेरूळ

विद्यापीठाच्या फुटबॉल टीमच्या प्रशिक्षकांची ओळख वेबसाइटवर टाकायची आहे आणि ते काम पडलंय माझ्या गळ्यात. हेड कोचचं सोपं होतं. लायसन्स, परदेशातला कोर्स, मोठा क्लब. अडलं ते असिस्टंट कोचपाशी, आमच्या शिरवणे गावच्या दत्तादादांपाशी. खेळाडू म्हणून काय जिंकलात, विचारलं तर चक्क लाजले. "बोकड. गावच्या स्पर्धेला तेच बक्षीस असाचं. लिवू नका मॅडम, पोरं हसतील."

मग मी शहाणपणानं 'स्थानिक स्पर्धांत यश' असं लिहिलं. किती मेलेलं वाक्य!

आज सेमीफायनल हरलो. पोरं माना खाली घालून बसलेली. हेड कोच चुका सांगायला उभे राहिले, तर दादा मधे पडले. "सर, आधी खाऊ दे त्यांना." आणि स्वतः एकेकाच्या हातात वडापाव देत फिरले. सर खाली बसले. थोड्या वेळानं तेही खायला लागले.

निघताना मी दादांना सहज विचारलं, त्या बोकडाचं करायचात काय?

"काय म्हंजे? दोनी टीमचं जेवन. हरलेली आधी बसाची, आमी वाढाचो."

घरी येऊन ते मेलेलं वाक्य खोडलं. दादा रागावतील का? उद्या आधी त्यांनाच दाखवते. पण आता त्यांच्या नावाखाली एवढंच आहे: गावच्या स्पर्धेत बोकड जिंकला. हरलेल्यांना आधी वाढला.