गेटवर धरलेली मनगटं

चिमणे,

लांबण लावत नाही. बहिऱ्यांच्या कॉलेजला प्रिन्सिपलही बहिराच पाहिजे म्हणून तुम्ही पोरं गेट अडवून बसलात, तेव्हा मी शेजाऱ्याला म्हणालो, "मग फोन कोण उचलणार?" दोघंही हसलो.

तुला घरी न्यायला आलो, तर तू पायरीवर उभी राहून जोरजोरात हातवारे करत होतीस. वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. तुझी दोन्ही मनगटं गच्च धरली आणि पोलिसाला म्हणालो, "साहेब, हिला काही कळत नाही, जाऊ द्या." समोरची सगळी पोरं माझ्याकडे बघत राहिली.

तुमच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, ती भाषण करत होती. तुम्ही तिचं तोंड दाबलंत."

महिना झाला, तू हॉस्टेलवरून घरी आली नाहीस. काल बाईंना गाठून विचारलं, काय बोलत होती? म्हणाल्या, "घरच्यांबद्दल सांगत होती. 'माझे आजोबा' म्हणाली, तेवढ्यात तुम्ही हात धरलेत."

चांगलं सांगणार होतीस की वाईट, ते विचारायचं तर तुझ्या भाषेत विचारायला पाहिजे. एवढ्या वर्षांत मी तुझी एकच खूण शिकलो, 'जेवायला ये'. म्हणून हे पत्र टाकत नाही, तेवढी एक खूण करायला हॉस्टेलवर स्वतःच येतो.

तुझा,
आजोबा