काम होण्याआधीच 'झालं'

प्रिय निकेश,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, त्यावर फार खूश होऊ नकोस. फोनवर तू लगेच 'सॉरी' म्हणतोस आणि माझं बोलणं तिथेच संपतं, म्हणून कागदावर लिहितेय.

कापसाच्या जिनिंग मिलसाठी मी लिहिलेल्या जावा प्रोग्राममधली एक ओळ तू मला न विचारता हलवलीस. शेतकऱ्यांना 'तुमचा नंबर आला, गाडी आणा' असे मेसेज पाठवायची कामं रांगेत उभी असतात. प्रोग्राम एका वेळी बरीच कामं उचलतो, प्रत्येकाचा मेसेज पाठवतो आणि मगच रांगेला 'झालं' कळवतो. तेव्हा कुठे ते काम रांगेतून पुसलं जातं. मध्येच प्रोग्राम बंद पडला तरी काम शिल्लक राहावं, एवढ्यासाठीच 'झालं' शेवटी ठेवलं होतं. एकदा असाच तो बंद पडून कुणाला एकच मेसेज दोनदा गेला, त्याने कुरकुर केली, आणि तू 'झालं' उचलून सगळ्यात आधी टाकलंस. अरे, मेसेज आधी गेलाय का ते तपासलं असतं तरी भागलं असतं! पण तेवढं डोकं कोण लावणार.

सोमवारी सर्व्हर बंद पडला आणि उचललेली सगळी कामं गायब. अल्लीपूरचे माझे कवडूमामा कापसाने भरलेली गाडी दारात उभी करून मोबाईलकडे बघत बसले होते. त्यांचा नंबर केव्हाच निघून गेला होता. ऑनलाइन मीटिंगमध्ये आपल्या बॉसनी, गजेंद्र सरांनी, सगळ्यांसमोर मला झापलं, आणि तू कॅमेरा बंद करून टाकलास. नेट गेलं म्हणे. पुण्यात! इथे गावात, नालवाडीत, माझं व्यवस्थित चालू होतं.

ओळ मी काल जागेवर आणली, सरांनाही खरं काय ते सांगितलं. राग त्याचा नाही. म्हणजे त्याचाही आहेच.

दिवाळीत तू म्हणाला होतास, आपलं घरी सांगितलं, आई खूश आहे. त्या भरवशावर बाबांनी आज सकाळी तुझ्या घरी फोन लावला, बोलणी करायला कधी येऊ ते विचारायला. मी शेजारीच उभी होते. तुझ्या आई म्हणाल्या, "कोणती गुंजन, भाऊ? मले तर निकेशनं काईच सांगितलं नाई." बाबांनी त्यांची माफी मागितली. माझ्या बाबांनी! म्हणून हे पत्र. आमच्याकडून कुणी येणार नाही, आणि आता तूही घरी काही सांगू नकोस.

अजूनही संतापलेली,
गुंजन