रणगाड्याचं पान, पाणबुडीचं पान

६ ऑक्टोबर २००७, शनि.
सापडलं!! शेजारच्या मेसा गावात, माझ्यासारखीच जुनी पानं जमवणाऱ्या वॉल्टरआजोबांकडे, त्यांच्या ड्रॉवरमध्ये. जुन्या ब्रिटिश वॉर कॉमिकचं ओरिजिनल पान, शाईनं हातानं काढलेलं, छापतात त्याच्या दुप्पट मोठं. समुद्राच्या तळाशी अडकलेली पाणबुडी, हवा संपत आलेली, आणि आचारी सगळ्यांना शेवटचा चहा वाटतोय. आठवीत असताना धरमपेठेतल्या लायब्ररीतून भाड्यानं आणून, दादाच्या हातून हिसकावून, पंधरा वेळा वाचलेली गोष्ट. पान बघून मी चक्क किंचाळले. खोटं नाही.
वॉल्टरचा जीव रणगाड्यांवर. माझ्याकडचं रणगाड्याचं पान त्याला कधीपासून हवंय. "स्वॅप?" म्हणाला. मी हो म्हणायला एक सेकंदही लावला नाही. उद्यापासून तो मुलीकडे चाललाय, म्हणून २७ ला.
चँडलरला घरी येईपर्यंत गाडीत एकटीच गात होते.

१० ऑक्टो.
ऑफिसात दिवसभर मीटिंगा. लक्ष पाणबुडीत.
सासूबाई साताऱ्याहून येऊन दोन महिने झाले. सकाळी भिंतीवरच्या रणगाड्याकडे बघून, "मंजू, लोक देवाचा फोटो लावतात गं." समीर पोह्यात तोंड घालून हसत होता. मेला.
पण आईंच्या हातचे पोहे! त्या परत गेल्यावर आमचं काय होणार आहे कोण जाणे.

२० ऑक्टो., शनि.
रणगाड्याचं पान फ्रेममधून काढलं. पॅक करण्याआधी शेवटचं नीट बघून घेतलं. चाकाशी पांढऱ्या रंगाचा थर, म्हणजे तिथे आधी काहीतरी चुकलं होतं, ते झाकलंय. संवादांच्या पट्ट्या कापून चिकटवलेल्या, गोंद पिवळा पडलाय. काढणाऱ्याची सही कुठेच नाही. बिचारा.
डायनिंग टेबलावरच ठेवलंय. उद्या पॅक करीन.

२१ ऑक्टो., रवि., दसरा
लिहवत नाही.
मी नर्सरीत झेंडू आणायला गेले. परत आले तर आईंची शस्त्रपूजा मांडून तयार. पाटावर विळी नाही म्हणून सुरी, कात्री, समीरचा स्क्रूड्रायव्हर, माझा लॅपटॉप, आणि मधोमध माझं पान. रणगाड्याच्या ऐन पुढ्यात ओल्या हळदीकुंकवाची दोन बोटं, वर अक्षता.
"तुमच्या घरात खरं शस्त्र म्हणून हे एवढंच सापडलं बघ," आई म्हणाल्या. काय खुशीत होत्या!
डोक्यात सणकन तिडीक गेली. तोंड उघडलं असतं तर दसऱ्याचा शिमगा झाला असता. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग श्रीखंड-पुरी खाल्ली. श्रीखंड उत्तम झालं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

२२ ऑक्टो.
अक्षता सुटल्या. कुंकू नाही. कागदानं पिऊन टाकलंय.
समीर म्हणतो, "चूक तुझी यार. टेबलावर कोण ठेवतं?" बरोबर आहे म्हणूनच जास्त राग आला. आईंना सांगायचं नाही असं ठरलं. वॉल्टरचं काय, ते ठरलं नाही. पाणबुडी गेली.

२४ ऑक्टो.
पांढरा रंग आणला. मूळ चित्रकारानंही चूक झाकलीच होती की. आधी दुसऱ्या कागदावर प्रॅक्टिस केली, अगदी बेमालूम जमलं. ब्रश पानाजवळ नेला आणि मागे आई. कधीच्या उभ्या होत्या देव जाणे.
"मी लावलेलं कुंकू झाकतेस होय?"
मग सगळं सांगावंच लागलं. पाणबुडी, अदलाबदल, सगळं. त्यांनी चष्मा लावून पान पुन्हा बघितलं. "अगं, मला वाटलं छापील कॅलेंडरसारखं असेल. बोलायचंस ना! तीन दिवस गिळून बसलीस?"
मग म्हणाल्या, "झाकू मात्र नको. म्हातारा माणूस, विश्वासानं घेणार. मी केलंय, मी येते सांगायला."
रंगाची बाटली त्यांनीच कचऱ्यात टाकली. नवी होती.

२७ ऑक्टो., शनि.
आई नऊवारी नेसून, पर्स घेऊन तयार. वॉल्टरनं भिंग लावून डाग किती वेळ बघितला! आई खुर्चीच्या टोकावर. "माय मिस्टेक. शी नो मिस्टेक," त्यांनी दोनदा सांगितलं. या कुंकवाचा अर्थ काय, त्यानं विचारलं. "वेपन. वन्स इयर, रिस्पेक्ट." एवढ्या इंग्लिशमध्ये बाईंनी काम भागवलं. मी मध्ये बोलायला गेले तर हातानं गप्प केलं.
तो हसला नाही, रागावलाही नाही. डाग तो डागच, म्हणाला. पान ठेवून जा, विचार करून फोन करतो.
परत येताना आईंनी विचारलं, "त्या आचाऱ्याचं काय झालं गं पुढं?" मग मेसापासून घरापर्यंत अख्खी गोष्ट सांगितली. मध्ये दोनदा "अगंबाई!" आणि एकदा "मेल्यानं साखर तरी घातली का चहात?" इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. दादालासुद्धा नाही, त्याला काय, त्यानं वाचली होती.
छान गेला दिवस. पान नाही, तरी.

२ नोव्हें., शुक्र.
वॉल्टरचा फोन नाही. मी आशा सोडली, असं समीरला सांगितलंय. सोडलेली नाही.
आई आता फोनला मला हातही लावू देत नाहीत. रिंग वाजली की ओल्या हातानं धावतात. आज क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरालाही नाव न विचारता दरडावलं, "हॅलो वॉल्टर! येस ऑर नो?"